देवाच्या झिजलेल्या चपला

हस्तर नावाचा देव कोणत्याही पुराणात नाही. तरीही ‘कोकणातला एक भीतीदायक देव सांग’ म्हटलं तर माझ्या वयाच्या बऱ्याच मुलामुलींना आधी तोच आठवतो. ‘तुंबाड’ १२ ऑक्टोबर २०१८ला आला तेव्हा फार गर्दी झाली नव्हती. सप्टेंबर २०२४मध्ये तो पुन्हा थिएटरात लागला आणि या वेळी लोकांनी पहिल्यापेक्षा जास्त गर्दी केली. तेव्हापासून ऑफिसात मी रत्नागिरीचा आहे असं कळलं की कुणीतरी विचारतंच, ‘मग तुमच्याकडे हस्तर आहे का?’

मी पालीचा. अष्टविनायकातली पाली वेगळी, ती रायगडात. आमची पाली मुंबई-गोवा हायवेवरची, जिथून कोल्हापूरचा रस्ता नाणीज-साखरप्याकडे फुटतो ती. गावाचं नाव घेतलं की जुनी माणसं लक्ष्मीपल्लीनाथाला हात जोडतात. हस्तर आमच्याकडे नाही, असं मी सांगतो. पण याच हायवेने चार-पाच तास दक्षिणेला गेलं की एक देव भेटतो. तो भुतांचा राजा आहे, नऊ फुटांच्या आसपास उंच आहे, रात्री गावात फिरतो आणि लोक त्याला चपला वाहतात. ऐकणारा हसतो, मग जरा थांबून विचारतो, ‘चपला का?’

या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला दोन देवांचे प्रवास सापडले. एक पुस्तकांतून आणि पडद्यावरून झालेला, दुसरा कोकणातल्या गावांमधून. दोघांच्या दिशा एकमेकींच्या अगदी उलट आहेत.

मेंढपाळांचा देव राक्षस कसा झाला

तुंबाड हे गाव खरं आहे, रत्नागिरी जिल्ह्याच्या खेड तालुक्यातलं. श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीमुळे ते मराठी वाचकाला आधीपासून माहीत होतं. राही अनिल बर्वेंच्या सिनेमाने गावाचं नाव घेतलं, नारायण धारपांच्या भयकथेतून प्रेरणा घेतली आणि मधोमध हस्तर बसवला. समृद्धीच्या देवीचा हा पहिला मुलगा. त्याला आईकडचं सोनंही हवं होतं आणि धान्यही. सोनं मिळालं, पण धान्याला हात घालताच बाकीचे देव त्याच्यावर तुटून पडले. आईने त्याला वाचवलं ते एका अटीवर, की त्याची पूजा कधी होणार नाही, त्याचं नाव विसरलं जाईल. एका घराण्याने तरीही त्याचं देऊळ बांधलं. मग पिढ्यानपिढ्या त्या घरातले पुरुष पिठाची बाहुली घेऊन खाली उतरतात, भुकेल्या देवाला तिचं आमिष दाखवतात आणि त्याच्या लंगोटातली नाणी पळवतात.

नावाचं साम्य डोळ्यात भरणारं आहे. अमेरिकन लेखक अँब्रोज बिअर्स याने १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला ‘हाइता द शेफर्ड’ ही छोटी गोष्ट लिहिली, तिच्यात हस्तूर नावाचा देव आहे. आणि तो चक्क मेंढपाळांचा दयाळू देव आहे. सकाळी उठून त्याची प्रार्थना करायची आणि मेंढरं घेऊन निघायचं, एवढाच त्याचा पंथ. १८९५मध्ये रॉबर्ट चेंबर्सने ‘द किंग इन यलो’ या पुस्तकासाठी हे नाव उचललं आणि त्याला एक गूढ, अशुभ वास आला. पुढे लव्हक्राफ्टने त्याचा ओझरता उल्लेख केला, आणि त्याच्या परंपरेतल्या ऑगस्ट डर्लेथने हस्तूरला विश्वाच्या पलीकडून येणारा अक्राळविक्राळ देव करून टाकलं. मेंढरांच्या राखणदाराचा राक्षस व्हायला अर्धं शतक पुरलं.

हे इतक्या सहज झालं याचं कारण सोपं आहे. हस्तूरच्या गावात कुणी राहत नव्हतं. त्याच्या भरवशावर कुणाची मेंढरं नव्हती, त्याच्या नावाने कुणाचा नवस राहिला नव्हता. प्रत्येक लेखकाला तो आधीच्यापेक्षा थोडा जास्त भयंकर करता आला, कारण दुसऱ्या दिवशी त्याच्यासोबत कुणालाच नांदायचं नव्हतं.

झाडावरचं प्रेत

आता दुसरा प्रवास. वेताळ आपल्याला माहीत असतो तो विक्रमामुळे. आमच्या आईवडिलांच्या पिढीने ‘चांदोबा’त वाचलेला आणि १९८५मध्ये दूरदर्शनवर पाहिलेला. मूळ कथा बरीच जुनी. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने ‘कथासरित्सागर’ रचला, त्यात या पंचवीस गोष्टी आहेत. राजाचं नाव तिथे त्रिविक्रमसेन. क्षांतिशील नावाचा एक भिक्षू त्याला स्मशानातल्या झाडावर लटकलेलं प्रेत आणायला सांगतो. प्रेतात वेताळ शिरलेला असतो. तो वाटेत गोष्ट सांगतो, शेवटी कोडं घालतो. उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर डोकं फुटेल, आणि बोललास तर मी परत झाडावर.

लहानपणी आपण कोड्यांत इतके रमतो की शेवट विसरून जातो. शेवटी वेताळच राजाला सावध करतो. भिक्षूला राजाचाच बळी देऊन स्वतः विद्याधरांचा स्वामी व्हायचं आहे, हे तो सांगतो आणि त्यातून सुटायची युक्तीही देतो. सगळ्या कथेत दिसायला भयंकर तो वेताळ, आणि ज्याच्यापासून जिवाला धोका तो भगव्या वस्त्रातला, रोज राजाला फळ आणून देणारा माणूस. ‘तुंबाड’ पाहतानाही हेच वाटतं. खालचा देव भुकेला आहे खरा, पण घराची माती करतो तो वरून उतरणारा माणूस.

म्हणजे वेताळाच्या गोष्टीतच तो राखणदार होण्याची शक्यता होती. कोकणाने ती पुढे नेली.

दगड, मूर्ती, गावाचं नाव

देशावर वेताळ बहुतेक ठिकाणी नुसता शेंदूर फासलेला दगड असतो. १८३०च्या दशकात जॉन स्टीव्हन्सन या मिशनऱ्याने दख्खनमधल्या जुन्या पूजांवर एक निबंध लिहिला. वेताळाची ठिकाणं पाहून तो चकित झाला होता. देऊळ नाही, छप्पर नाही. उघड्यावर गोलाकार मांडलेले दगड, आणि त्यांतला मुख्य दगड वेताळाचा. ब्रिटनमधली प्राचीन दगडी वर्तुळं त्याला आठवली. सरदाराभोवती पहारा द्यायला सैन्य उभं राहावं तशी ही मांडणी. पुण्याच्या वेताळ टेकडीचं नाव याच देवाचं. २०२३मध्ये त्या टेकडीतून रस्ता आणि बोगदा नेण्याच्या बेताविरुद्ध पुणेकर रस्त्यावर उतरले. मोर्चातल्या किती जणांनी वेताळाला कधी हात जोडले असतील कोण जाणे, पण टेकडीची राखण त्याच्याच नावाने झाली.

दक्षिणेकडे जावं तसं या दगडाला शरीर येतं. गोव्यात तो ‘बेताळ’. काणकोण तालुक्यातल्या लोलयेची मूर्ती पाहिलेला माणूस ती विसरत नाही. माणसापेक्षा उंच, दगडी, नग्न. गळ्यात मुंडमाळा, अंगावर साप, हातात शस्त्र आणि कवटीचं पात्र. लाजायचं, घाबरायचं की हात जोडायचे, हे पटकन ठरवता येत नाही.

पोर्तुगीजांना ते ठरवायला वेळ लागला नाही. १५४०मध्ये तिसवाडीतली देवळं पाडली गेली, १५६७मध्ये साष्टीतली. पाडलेल्या देवळांच्या जमिनी सरकारजमा आणि चर्चजमा करायच्या, तर कुठल्या देवाची किती जमीन याची यादी हवी. त्या याद्यांमध्ये गावोगावी बेताळाचं नाव येतं. देव उखडणाऱ्यांच्या कारकुनीमुळेच आज आपल्याला कळतं की तो किती गावांचा देव होता. साष्टीत त्याची देवळं राहिली नाहीत, पण बेताळभाटी हे गाव आहे. तिथल्या समुद्रकिनाऱ्यावर फोटो काढताना आपण भुतांच्या राजाचं नाव लोकेशन म्हणून टाकतो. लोलये वाचलं, कारण काणकोणचा मुलूख पोर्तुगीजांकडे आला तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. तोवर देवळं पाडण्याचा तो जोर ओसरला होता.

वेतोबाची नोकरी

गोव्याची हद्द ओलांडून उत्तरेला आलं की वेंगुर्ले तालुक्यात शिरोड्याशेजारी आरवली आहे, जयवंत दळवींचं गाव. १ मे १९८१ला सिंधुदुर्ग वेगळा होईपर्यंत हे गाव आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यात होतं. इथे बेताळाचा ‘वेतोबा’ झाला. विठोबा, खंडोबा, तसा वेतोबा. ‘बा’ लागला की देव घरचा होतो.

इथली मूर्ती नग्न नाही. धोतर नेसलेला, मिशा असलेला, रुंद खांद्यांचा पुरुष सरळ समोर बघत उभा आहे. पूर्वीची मूर्ती फणसाच्या लाकडाची होती, आता पंचधातूची आहे. देवाची मूर्ती फणसाची म्हणून आरवलीत फणसाचं लाकूड घरकामाला वापरत नाहीत, असा रिवाज सांगतात. देवाला केळीचे घड वाहतात. आणि चपला. साध्या मापाच्या नाहीत, नऊ फुटी पुरुषाच्या पायात बसतील अशा चामड्याच्या दांडग्या चपला. वेतोबा रात्री गावाच्या हद्दीतून फेरी मारतो, चालून चालून त्याच्या चपला झिजतात, म्हणून नव्या द्यायच्या. गोव्यातही बेताळाला पादत्राणं वाहण्याची रीत आहे.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्यात दर काही आठवड्यांनी एकाची ‘ऑन-कॉल’ पाळी येते. सगळे झोपलेले असताना सर्व्हर पडला तर उठून बघायचं. पाळी नीट गेली तर कुणालाच काही कळत नाही, सकाळी फक्त लॉगमध्ये नोंदी दिसतात. वेतोबाच्या चपलांबद्दल वाचताना मला आधी ते लॉग आठवले. देव दिसत नाही, पहारा दिसत नाही, झिजलेला तळवा तेवढा दिसतो. आणि भक्त त्या तळव्याची दखल घेऊन नवा जोड आणतो. यात भक्ती आहेच, पण गड्याला वर्षाचं बलुतं द्यावं तसा चोख व्यवहारही आहे.

कोकणाच्या गावऱ्हाटीत हा व्यवहार सगळीकडे भरलेला आहे. गावाला चतुःसीमा असतात, सीमेवर राखणदार असतो. गाऱ्हाण्यात देवाला नुसतं ‘कृपा कर’ म्हणत नाहीत. कुणाला कशापासून सांभाळायचं, कामाला मुंबईला गेलेल्या लेकराकडे कसं लक्ष ठेवायचं, हे नावनिशीवार सांगतात आणि जमलेली माणसं ‘होय म्हाराजा’ म्हणून त्यावर शिक्कामोर्तब करतात. ज्याची भीती वाटते त्याला हद्द दिली, काम दिलं, मोबदला ठरवला. मग तो कितीही उग्र असला तरी बेभरवशाचा राहत नाही.

हस्तरच्या बाबतीत नेमकं हेच घडत नाही. त्याला काम नाही, हद्द नाही, फक्त बंदिस्त भूक आहे. त्याच्याकडे जाणारा माणूस द्यायला जात नाही, लुटायला जातो. तिथे जे पीठ नेतात त्याला नैवेद्य म्हणता येणार नाही, ते गळाला लावलेलं आमिष असतं.

वेताळाच्या मागून कोण चालतं

एवढ्यावर लेख संपवला असता तर वेतोबा एक गोड गोष्ट होऊन बसला असता. पण त्याच्या फेरीत तो एकटा नसतो.

ए. एम. टी. जॅक्सन हा नाशिकचा कलेक्टर. संस्कृतचा जाणकार. मुंबई इलाख्यातल्या शाळामास्तरांना प्रश्नावली पाठवून त्याने लोकसमजुतींची माहिती जमवायला घेतली होती. २१ डिसेंबर १९०९ला नाशिकच्या विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरेने त्याला गोळ्या घातल्या. कान्हेरे मूळचा खेड तालुक्यातला, म्हणजे तुंबाडच्याच तालुक्यातला. जॅक्सनचे कागद मागे राहिले. आर. ई. एन्थोव्हेनने ते पुढे संपादित केले आणि १९१५च्या सुमारास त्यांतून कोकणच्या लोकसमजुतींचा खंड निघाला. रत्नागिरी, ठाणे, कुलाबा इथल्या साध्या मास्तरांनी आपापल्या गावातलं जे कळवलं, ते त्यात आहे.

त्यातली भुतांची नावं आपण आज विनोदाने घेतो. मुंजा, गिऱ्हा, हडळ, जखीण, संमंध, खवीस, झोटिंग, लावसट, देवचार. वेताळ या सगळ्यांचा राजा. अवसेच्या रात्री मशाली घेतलेलं हे सैन्य त्याच्यामागून निघतं, असा समज. ही यादी सावकाश वाचली तर वेगळंच काही दिसू लागतं. मुंजा म्हणजे मुंज झालेला, पण लग्नाआधीच गेलेला मुलगा. गिऱ्हा पाण्यात बुडून मेलेल्याचा. हडळ, अळवंतीण ही बाळंतपणात गेलेल्या बाईची भुतं. संमंध वारस नसलेल्याचा, जीव इस्टेटीत अडकलेल्याचा. जिथे दवाखाना दोन दिवसांच्या वाटेवर, बाळंतपण म्हणजे जिवाशी खेळ, आणि पावसाळ्यात प्रत्येक नदी कुणाला तरी घेऊन जाणारी, अशा मुलखाची ही मृत्यूंची नोंदवही आहे. ज्यांचं आयुष्य अर्धवट राहिलं त्यांची नावं कुठल्या वंशावळीत येत नव्हती. ती वेताळाच्या मिरवणुकीत आली.

मला तिथे थोडं थांबावंसं वाटलं. गावाने आपल्या अकाली गेलेल्या माणसांना हाकलून दिलं नव्हतं. त्यांची भीती वाटत होती, पण त्यांना एक राजा दिला, एक वाट दिली, आणि त्या राजाला गावाच्या राखणीला ठेवलं. आपलीच मेलेली पोरं रात्री आपल्याच हद्दीवर फेरी मारतात, असा त्याचा अर्थ होतो. कुठल्याही हॉरर सिनेमापेक्षा हे जास्त अस्वस्थ करतं, आणि यात अपाय कुणालाच नाही.

अपाय कुठे सुरू होतो

पण अपाय नाही हे म्हणताना जपून म्हटलं पाहिजे. भीती हद्दीवर उभी असते तोवर ठीक. ती माणसाकडे वळली की तिच्यातून वाईट गोष्टी होतात. ‘अमक्याने देवचार सोडला’, ‘तमकीने करणी केली’ हे शब्द कोकणात नवीन नाहीत. या शब्दांनी घरं तुटलेली आहेत, बायका वाळीत पडलेल्या आहेत. २० ऑगस्ट २०१३ला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्या कायद्याचा आणि आरवलीच्या चपलांचा काही झगडा नाही. झगडा आहे तो राखणदाराचं नाव वापरून शेजाऱ्यावर बोट रोखणाऱ्याशी. कथासरित्सागरातल्या त्या भिक्षूचेच हे वंशज.

चपलांचीही दुसरी बाजू आहे. गावऱ्हाटीत मानपान जातीप्रमाणे वाटलेले. नारळ कुणी ठेवायचा, पालखीला खांदा कुणाचा, कुणी पायरीखालीच उभं राहायचं, सगळं ठरलेलं. ज्या चर्मकाराने ती चप्पल शिवली त्याच्या स्पर्शाचा एकेकाळी विटाळ होत होता. तीच चप्पल देवाच्या पायाशी पोचली की पवित्र. भुतांच्या राजाला चामड्याचा विटाळ नव्हता, गावाला होता. ‘आमच्याकडे सगळे मिळून नांदत होते’ असं कोकणाबद्दल बोलताना हा जोड डोळ्यांसमोर ठेवलेला बरा.

आता वेतोबावर मालिका आली आहे, ‘कांतारा’नंतर तर राखणदार एकदम ट्रेंडमध्ये आहेत. रीलमध्ये तो कधी डोळे लाल करून किंचाळतो, कधी सुपरहिरोसारखा ढग फोडून उतरतो. दोन्हींत त्याचं पायी चालणं राहून जातं. हस्तूरचं जे झालं ते वेतोबाचंही होऊ शकतं, अशी मला खरी भीती वाटते. कारण गावं रिकामी होत आहेत. देवाला उग्र किंवा चकचकीत करणारे खूप झाले, पण चप्पल झिजली का हे बघायला गावात माणूस हवा.

मागच्या शिमग्याला मी गावी गेलो, तेव्हा रात्रीच्या बसने पालीच्या तिठ्यावर उतरलो. चौपदरीकरणात जुनी झाडं गेलीत, रस्ता इतका रुंद झालाय की गाव कुठे सुरू होतं ते कळत नाही. ट्रकांच्या उजेडात मी बॅग सांभाळत आत वळलो. घरी आजी जागी होती. ‘वाटेत मागे वळून नाय ना बघितलंस?’ तिने विचारलं. नाही म्हटलं. मग तिने दाराबाहेर काढलेल्या माझ्या बुटांकडे बघितलं, टाच पार झिजली होती. म्हणाली, ‘किती फिरतोस रे. उद्या बाजारातून नवीन घे.’